डोळ्यातील दाब: आवक, जावक आणि काचबिंदू

चामराजपेटमधील मिंटो हे सरकारी नेत्र रुग्णालय 1896 मध्ये सुरू झाले आणि 1913 पासून ते आजच्या दगडी इमारतीत आहे. अशा कोणत्याही नेत्र रुग्णालयात तपासणीच्या वेळी डोळ्यातील दाब मोजतात. हा दाब येतो कुठून, ते या टिपणात पाहू. ज्यांनी द्रवयांत्रिकी शिकली आहे त्यांना हे सोपे जाईल.

पारपटल आणि भिंग पारदर्शक राहायला हवेत, म्हणून त्यांत रक्तवाहिन्या नसतात. त्यांना पोषण पुरवण्याचे काम मुख्यतः एक स्वच्छ द्रव करतो. बुबुळाच्या मागे तो मिनिटाला सुमारे 2.5 मायक्रोलिटर या वेगाने तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळ व पारपटल यांच्या कोनातील जाळीतून शिरांमध्ये जातो. (हा द्रव म्हणजे अश्रू नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात.)

आता हिशेब करू. स्थिर अवस्थेत आवक आणि जावक समान असतात. म्हणून,

डोळ्यातील दाब = (आवक ÷ जाळीची वहनक्षमता) + शिरांतील दाब

वहनक्षमता 0.3 आणि शिरांतील दाब 9 मिमी पारा धरल्यास 2.5 ÷ 0.3 + 9, म्हणजे सुमारे 17 मिमी पारा येतो. सर्वसाधारण मर्यादा 10 ते 21 आहे. जाळी तुंबून वहनक्षमता निम्मी झाली, तर दाब जवळपास 26 होतो. जाळीला वळसा घालून जाणारा थोडा द्रव आपण येथे सोडून दिला आहे, पण कल फारसा बदलत नाही.

वाढलेल्या दाबाचा फटका मागच्या बाजूला बसतो. तेथे दृष्टीचेतेचे सुमारे दहा-बारा लाख तंतू डोळ्याबाहेर पडतात. मेलेले तंतू परत वाढत नाहीत. मोतीबिंदूत भिंग बदलता येते, काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. त्यातून नजर आधी कडेची जाते, दुखत तर बहुधा काहीच नाही, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून रुग्णाला पत्ताच लागत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी पुढचा मुद्दा नीट वाचावा. डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे आणि मित्राच्या बाटलीतले घालायचे, हा प्रकार मला सर्रास दिसतो. त्यांपैकी काही थेंबांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडे असतात. लाली लगेच उतरते, म्हणून ते आवडतात. पण काही जणांत स्टेरॉइडमुळे जाळीची वहनक्षमता काही आठवड्यांतच घटते आणि वरच्या सूत्रातला छेद लहान होतो. हे वयाच्या विशीतही घडते. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मात्र स्वतःहून एकदम थांबवू नये.

नुसता दाब मोजणे पुरत नाही, कारण दाब मर्यादेत असूनही काचबिंदू होऊ शकतो. चेतेचे टोक आणि कडेची नजरही तपासून घ्यावी लागते. घरात कोणाला काचबिंदू असेल, तर ही तपासणी चाळिशीपूर्वीच सुरू करावी.