थेट अंकीय ध्वनिवर्धकाची सुटी जुळणी

सीडीवर प्रत्येक वाहिनीचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या रूपात नोंदलेला असतो. थेट अंकीय ध्वनिवर्धकात या आकड्यांवरूनच कमीअधिक रुंदीचे विद्युत्-स्पंद तयार केले जातात. ट्रान्झिस्टर केवळ चालू वा बंद राहत असल्याने उष्णता अल्प निर्माण होते. पुढे कॉइल व कंडेन्सर हे स्पंद गाळून ध्वनिसंकेत तेवढा स्पीकरकडे सोडतात.

हौशी जुळणीकाराने स्पंदनिर्मिती, शक्तिवर्धन व वीजपुरवठा हे भाग स्वतंत्र ठेवावेत. बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो. खरी कसोटी वीजपुरवठ्याची. फीडबॅक नसलेल्या रचनेत त्यातील प्रत्येक चढउतार थेट आवाजात उतरतो. काटकसर करायचीच तर ती पेटीच्या देखणेपणात करावी. सेतू-जोडणीत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात. त्यांपैकी एकही पेटीच्या धातूला जोडू नये.