सामायिक संगणन, वैज्ञानिक संशोधनातील
संशोधक गटातील किंवा संस्थेतील अनेक व्यक्तींनी प्रोसेसर, स्मृती, माहितीसाठा व आज्ञावल्या ही संगणनाची साधने ठराविक नियमांनुसार मिळून वापरण्याच्या पद्धतीस सामायिक संगणन म्हणतात. हवामानाची प्रतिमाने, रेणूंची संरचना, रेडिओ दूरदर्शकांनी नोंदलेले संकेत इत्यादींसंबंधीची आकडेमोड एकट्या संशोधकाच्या यंत्राच्या आवाक्याबाहेर असते. उलट, एकट्यासाठी घेतलेले मोठे यंत्र बराच काळ रिकामे राहते. या दोन्ही अडचणींवर सामायिक संगणन हा उपाय आहे.

इतिहास : प्रारंभीचे संगणक अतिशय महाग असल्याने सामायिक वापराला पर्याय नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. तेथेच १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला व त्याचा उपयोग इतर संस्थांतील संशोधकांनीही केला. त्या काळी आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून केंद्रात द्यावी लागे आणि एक पत्र चुकले, तरी पुन्हा रांगेत थांबावे लागे. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फेर्नांदो कॉर्बातो यांनी १९६१ मध्ये कालविभागणीची पद्धत करून दाखविली. तीत प्रोसेसर प्रत्येकाचे काम क्षणभर करून पुढच्याकडे वळतो व एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येते. पुढे १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग व डॉनल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ प्रोसेसर ईथरनेटने जोडून बेओवुल्फ हा संगणकसमूह उभारला. त्यामुळे असे समूह लहान संशोधक गटांच्याही आटोक्यात आले.

रचना : समूहात सामान्यतः एक प्रवेश-संगणक, अनेक गणन-संगणक व सर्वांना जोडलेला माहितीसाठा असतो. संशोधक प्रवेश-संगणकावरून आपले काम रांगेत लावतो आणि नियोजक आज्ञावली त्याला गणन-संगणक नेमून देते. प्रवेश-संगणकावरच जड आकडेमोड चालविल्यास सर्वांचेच काम मंदावते.

वाटप : वापर गाभा-तासांत मोजतात. ६४ गाभे १० तास वापरणाऱ्या कामाला ६४० गाभा-तास लागतात. मात्र गाभे वाढविले म्हणून वेग त्याच प्रमाणात वाढत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार कामाचा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही गाभे दिले, तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. अशा कामाचा वेग ६४ गाभ्यांवर सु. १५ पट, तर १६ गाभ्यांवर सु. ९ पट होतो. म्हणून तेच ६४ गाभे चौघांत वाटल्यास एकूण काम दुपटीहून अधिक होते.

केवळ ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ हा नियम ठेवल्यास एकाच व्यक्तीची शेकडो कामे समूह अडवून धरतात आणि प्रबंधासाठी एखादेच गणित करावयाचे असलेला विद्यार्थी मागे राहतो. न्याय्य-वाटप पद्धतीत ज्याने नजीकच्या काळात अधिक वापर केला, त्याचा अग्रक्रम खाली येतो व काळ लोटेल तसा तो पुन्हा वर चढतो. मोठ्या कामासाठी गाभे मोकळे होईपर्यंतच्या अवधीत, त्याला विलंब होणार नाही अशा बेताने, छोटी कामे उरकून घेतात. कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज संशोधकाने फार वाढवून सांगितला, तर ही सोय निरुपयोगी ठरते.

माहितीसाठ्याचा प्रश्न अधिक अवघड असतो. गणन-संगणक काम संपताच मोकळा होतो. फायली मात्र संशोधक गट सोडून गेल्यावरही जागा अडवितात. त्यामुळे प्रत्येकाची मर्यादा, तात्पुरत्या फायली पुसण्याची मुदत आणि महत्त्वाच्या माहितीची दुसरीकडे ठेवावयाची प्रत यांविषयीचे नियम आरंभीच ठरवावे लागतात.

व्यापक रूप : हेच तत्त्व देशांच्या सीमा ओलांडूनही वापरले जाते. सर्न येथील हॅड्रॉन आघातकाच्या माहितीचे विश्लेषण ४० हून अधिक देशांतील सु. १७० केंद्रे मिळून करतात. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व कोलकात्याचे परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्र यांचा समावेश आहे. गट लहान असो वा जागतिक, अशा व्यवस्थेचे यश यंत्राच्या वेगाइतकेच वाटपाचे नियम सर्वांना ज्ञात व मान्य असण्यावर अवलंबून असते.