कानबाईचा रोट आणि मॉस्कोतली परिषद

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, साडीचोळी, दागिने घालून देवीला चौरंगावर मांडतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत तिला पाण्यावर पोचवतात. प्रसादाच्या रोटासाठी गहू मोजायचा तो घरातल्या माणसांच्या हिशेबानं. रोट खायचा तो भाऊबंदांतच. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, हे त्या गव्हाच्या मापातच ठरून जातं. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मराठी माणसाचं घर म्हणजे नेमकं काय, कुटुंबात कुणाला धरायचं, हाच प्रश्न घेऊन 1990 नंतरच्या दशकात जगभरचे अभ्यासक मॉस्कोत जमले होते. तिथले निबंध पुढे दोन ग्रंथांत आले. इरिना ग्लुश्कोवा आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 1998 साली ‘हाउस अँड होम इन महाराष्ट्र’ संपादित केला, तर दुसऱ्या ग्रंथाला ग्लुश्कोवांच्या जोडीला पुण्याचे राजेंद्र व्होरा होते.

एखाद्या देशाच्या संस्कृतीचा अभ्यास म्हटलं की विद्यापीठातलं केंद्र, ग्रंथालय आणि नेमानं निघणारं नियतकालिक डोळ्यांपुढे येतं. महाराष्ट्राच्या अभ्यासाला परदेशात आधार मिळाला तो इमारतीपेक्षा माणसांचा. 1984 साली टोरांटोत ना. के. वागळे यांच्या पुढाकारानं ‘महाराष्ट्र : संस्कृती आणि समाज’ या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढे ती गावोगाव फिरली : हायडेलबर्ग, अ‍ॅरिझोना, मॉस्को. आंबेडकरी चळवळीवर 1969 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध देणाऱ्या एलिनॉर झेलियट याच गोतावळ्यातल्या.

मला सर्वांत मोठे वाटतात ते हायडेलबर्गचे गुंथर सोंटहायमर. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 चा. तो पोथ्यांवर विसंबून लिहिलेला नाही. ते धनगरांच्या वाड्यांवर गेले, जत्रांत हिंडले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. 1992 साली ते गेले. त्यानंतर बावीस वर्षांनी, 2014 मध्ये, फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्या साथीनं सोंटहायमरांच्या ध्वनिमुद्रणांतल्या दोन दीर्घ ओव्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. वेळेवर टिपून ठेवलं होतं, म्हणूनच हे झालं.

आमच्या खानदेशाचं टिपण त्याहून जुनं आहे. ग्रियर्सनच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी आहे, पण मराठीच्या सातव्या खंडात नव्हे. 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली बोलींच्या शेजारी. उधळ्या मुलाची बायबलातली गोष्ट बोलीबोलीत सांगवून घेण्याची त्या सर्वेक्षणाची रीत होती. मुलाला ‘आंडोर’, मुलीला ‘आंडेर’ आणि ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी ही खानदेशी, म्हणजेच अहिराणी, मराठीची की गुजरातीची, हा वाद तेव्हापासून चालू आहे. कोरीटच्या परिसरात अहिराणी, गुजरी आणि भिली कानावर पडतात. इथल्या माणसाला हा वाद रोजच्या बोलण्यातच भेटतो.

टिपून आणि जपून ठेवण्यात धुळ्यानंही वेळ दवडला नाही. 1893 मध्ये तिथं सत्कार्योत्तेजक सभा उभी राहिली आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जमवली. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांचे कागद सांभाळायला गावानं राजवाडे संशोधन मंडळ काढलं आणि ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवलं. नंदुरबार 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे कोरीटचंही हे आपलंच दप्तर.

या दप्तरात कानबाईच्या गाण्यांचा गठ्ठा भरपूर जाड व्हायला हवा. ती गाणी वहीत नसतात. सासरी आलेली बाई माहेरची चाल घेऊन येते, जावा तिच्यात आपलं कडवं घालतात आणि पहाटेपर्यंत गाण्याचा रंग पालटतो. पुढच्या श्रावणात कुणी मोबाइल सुरू करून त्या रात्री बसलं, तर गाण्यासोबत एवढं तरी विचारून घ्यावं : बाई, तुमचं माहेर कुठलं?