मूकनायकाचे वारस आणि न बोलणारी लेकरे

दोन वर्षांपूर्वीची बुद्ध पौर्णिमा. वस्तीतल्या विहारात सामुदायिक वंदना सुरू होती. लाऊडस्पीकर कर्कश वाजला तसा सात-आठ वर्षांचा एक मुलगा कानांवर हात दाबून ओरडू लागला. दोघा-तिघांनी त्याच्या आईकडे रोखून पाहिले. "ताई, त्याला बाहेर घेऊन बसा," असे कुणीतरी म्हणाले. ती माउली मुकाट्याने उठली आणि पायरीवर, चपलांच्या ढिगाजवळ लेकराला घेऊन बसली. आम्ही पुढच्या रांगेत होतो. आम्हीही काही बोललो नाही.

सातारच्या शाळेत बालभीमाला वेगळे बसवले जात होते, बसायला गोणपाट घरून न्यावे लागत होते, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. 7 नोव्हेंबर 1900 हा बाबासाहेबांचा तिथला शाळाप्रवेशाचा दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. मग वेगळे बसवलेल्या आजच्या लेकराच्या वेळी आपली वाचा का बसते?

पुढे तीच आई आमच्याकडे आली. "साहेब, शाळा म्हणते याला घरीच ठेवा, बाकीच्या पोरांचं नुकसान होतं." आणि जाता जाता बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे घरात बोलायला शिकवत नाहीत का?" या 'तुमच्याकडे'त सगळे आले. आपल्या मुलांवर इथे दुहेरी अन्याय होतो. मूल घरची बोली बोलते तर ती अशुद्ध ठरते, म्हणजे जो दोष नाहीच तो चिकटवला जातो. आणि ज्याला खरोखर मदत हवी, त्याचे न बोलणे 'वस्तीतले आहे, असेच असणार' म्हणून सोडून दिले जाते. पैसेवाल्याचे मूल तीन वर्षांचे होऊन बोलले नाही तर तज्ज्ञाकडे जाते; आपले मूल तिसरीत शेवटच्या बाकावर जाते.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे, गेल्या जन्मीचे पाप नव्हे आणि आईच्या वळणाचा दोषही नव्हे. तो मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे. अशा मुलाला आवाज, गर्दी, अचानक झालेला बदल सोसत नाही. काही मुले फार कमी बोलतात, काही ऐकलेलेच पुन्हा म्हणतात. वाचा व भाषेची अडचण असलेल्या मुलाला कळते, पण शब्द जुळवता येत नाहीत, किंवा गुरुजींचे लांब वाक्य डोक्यात उतरत नाही. बोलता न येणे म्हणजे सांगण्यासारखे काही नसणे नव्हे.

आता कायद्याचे बोलू. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, वाचा व भाषेचे दिव्यांगत्वही आहे. कलम 16 प्रमाणे शासनमान्य व अनुदानित शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट आहे. बोलण्याला पूरक अशा इतर संवादसाधनांना चालना देण्याची जबाबदारीही शासनावर आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने ही मुले 'वंचित गटा'त आली. घरी शिकण्याचा पर्याय तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा हक्क आहे. मूल टाळण्यासाठी शाळेला दिलेली पळवाट नव्हे.

चाळीस टक्क्यांचा दाखला नाही म्हणून काहीच मिळणार नाही, असे सांगणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचा विकास कुमार खटल्यातील 2021 चा निकाल दाखवा. लेखनिकाची सोय त्या टक्केवारीवर अडवता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. 2025 मध्ये याच न्यायालयाने राज्यांना विशेष शिक्षकांची पदे निर्माण करून भरायला सांगितले. आपल्या शाळेत विशेष शिक्षक येतो का, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारणारा पालक आपला हवा.

त्या आईसाठी आम्ही शाळेला एक पानी पत्र दिले. मूल वर्गात परतले. पण वर्गात बसणे म्हणजे शिकणे नव्हे. शिकण्यासाठी जे लागते त्याला फार पैसा लागत नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्याशेजारी लावणे. एका वेळी एकच छोटी सूचना देणे. प्रश्न विचारून उत्तराला पुरेसा वेळ देणे. पाणी, लघवी, दुखते, नको असे सांगायला चित्रांची कार्डे देणे. गोंगाट सोसेना तर शांत कोपरा देणे, शिक्षा म्हणून नव्हे, विसावा म्हणून. चित्र दाखवून पाणी मागणारे मूल बोलतेच आहे. आपण ऐकायला शिकायचे आहे.

आणि आपल्या घरातले? 1956 साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांची नातवंडे आजही भगताच्या दारात नेली जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 पासून गुन्हा आहे. भगताकडे जाणारी पावले जिल्हा रुग्णालयाकडे वळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात, त्यांना मूल दाखवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. शाळा ऐकत नसेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. तोंडी विनवणी विसरली जाते, कागद राहतो.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. तो मूक समाज आज बोलता झाला, व्यासपीठे गाजवू लागला. पण ज्याच्या तोंडून खरोखरच शब्द फुटत नाही, त्याला आपण पायरीवर बसवतो. येत्या पौर्णिमेला विहारात लाऊडस्पीकरचा आवाज कमी ठेवा आणि त्या आईला आत बोलवा. ती जागा आम्ही आमच्या शेजारी धरून ठेवणार आहोत. तेव्हा गप्प बसलो, ते आमचे देणे आहे.

जय भीम!