लिंबूटिंबूसाठी गेम निवडताना

घरात दोन लहान मुलं असतील, तर कन्सोलचा गेम धाकट्याच्या अंगठ्याकडे बघून घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. थोरलं मूल कशाशीही जुळवून घेतं. धाकट्याचा हात जिथवर पोचतो तिथवरच गेम त्याचा. त्यापुढे तो नुसता प्रेक्षक, आणि थोड्या वेळाने रडवेला प्रेक्षक.

तो हात जवळून बघण्यासारखा असतो. आमचा धाकटा पाच वर्षांचा. प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर घेतला की तो आधी मांडीवर टेकवतो, कारण अधांतरी धरला तर मनगटं भरून येतात. डावा अंगठा स्टिकवर, उजवा बटणांवर, इथपर्यंत ठीक चालतं. मागचा ट्रिगर दाबायची वेळ आली की तर्जनी तिथवर नेताना अंगठा स्टिकवरून सुटतो आणि पळणारं पात्र जागच्या जागी थबकतं. निन्टेंडो स्विचचा जॉय-कॉन आडवा धरला तर लहान मुठीत छान बसतो, पण त्याच्या वरच्या कडेची दोन बटणं इतकी बारीक की बोटाला सापडत नाहीत. मनगटात अडकवायच्या दोरीची पट्टी त्या कडेवर सरकवली की बटणं उंच होतात आणि काम सोपं होतं. पुष्कळ घरांत ही पट्टी खोक्यातच पडून राहते.

याहून मोठी अडचण दुसऱ्या स्टिकची. बऱ्याच थ्रीडी गेममध्ये डाव्या स्टिकने चालायचं आणि उजव्या स्टिकने कॅमेरा फिरवायचा, तेही एकाच वेळी. मोठ्यांना ते सवयीने जमतं. पाच वर्षांच्या मुलाचं पात्र मात्र भिंतीकडे तोंड करून चालत राहतं आणि मूल म्हणतं, “आई, हा पुढे जातच नाहीये.” म्हणून कॅमेरा आपला आपण सांभाळणारे गेम मी आधी शोधते. ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’ तसा आहे, ‘किर्बी अँड द फरगॉटन लँड’ बराचसा तसा आहे, लेगोचे जुने गेमही तसेच. खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि दुकानदारालाही सहसा माहीत नसतं. मी यूट्यूबवर कुणी न बोलता खेळत असेल असा व्हिडिओ लावते आणि दहा मिनिटं फक्त एवढंच बघते, की चित्र संथ सरकतंय की सारखं गरगर फिरतंय. गरगर फिरत असेल, तर तो गेम आणखी दोन-तीन वर्षांनी.

खोक्यावर असतो तो वयाचा शिक्का. निन्टेंडोचे गेम आपल्याकडे बहुतेक आयात करणाऱ्या दुकानदारांमार्फत येतात, त्यामुळे एकाच फळीवर युरोपचा ‘पेगी’ आणि अमेरिकेचा ‘ईएसआरबी’ असे दोन्ही शिक्के दिसतात. ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेममधल्या रक्तपातावरून १९९३च्या डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावण्या सुरू झाल्या आणि सरकारने हात घालण्याआधी गेमच्या धंद्यानेच १९९४ साली ईएसआरबी उभं केलं. पेगी २००३ सालचं. गेममध्ये आत काय आहे, हे दोन्ही शिक्के बऱ्यापैकी नेमकं सांगतात. मुलाला तो खेळता येईल का, हा त्यांचा विषयच नाही. ‘कपहेड’वर पेगीचा ७ आहे. १९३०च्या दशकातल्या कार्टूनसारखी हाताने काढलेली देखणी चित्रं, कपाच्या डोक्याचा गोड नायक. आणि खेळायला इतका कठीण, की जाणती माणसं एकेका राक्षसापुढे पुन्हा पुन्हा हरतात. सात वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला तो दिला, तर तासाभरात कंट्रोलर आदळला जाईल.

पेगीचा ७ भीतीशीही जोडलेला आहे. लहान मुलं दचकतील अशी दृश्यं किंवा आवाज असले की ३चा ७ होतो. यातला आवाजाचा भाग मी फार मनावर घेते. ‘लुइगीज मॅन्शन ३’मधली भुतं विनोदी आहेत, लुइगी स्वतःच लटपटत चालतो. आमची थोरली खदाखदा हसत होती आणि धाकटा सोफ्याच्या मागे गेला होता. टीव्हीचा आवाज बंद केला तसा तो परत येऊन बसला. चित्र तेच होतं. तेव्हापासून कुठलाही नवा गेम आमच्याकडे आधी आवाज बारीक ठेवून सुरू होतो.

आणि काही वेळा खोक्यावरचं चित्र एक सांगतं आणि आत वेगळंच असतं. ‘इट टेक्स टू’ दोघांनी मिळूनच खेळायचा गेम आहे, २०२१मध्ये गाजला, खोक्यावर दोन गोंडस बाहुल्या. त्या बाहुल्या म्हणजे घटस्फोटाच्या वाटेवरचे आई-बाबा, आणि लेकीला रडवण्यासाठी तिच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तीचे ते हालहाल करतात असा एक प्रसंग त्यात आहे. पेगीने त्याला १२ दिला आहे तो योग्यच. मोठ्यांसाठी उत्तम, पाच वर्षांच्या मुलाला दाखवू नये.

आता मुख्य गोष्ट. गल्लीत लपाछपी, डबा ऐसपैस खेळताना सगळ्यात लहान पोराला लिंबूटिंबू म्हणून घ्यायची आपल्याकडची रीत आहे. ते पळतं, लपतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांचा खेळ बिघडत नाही आणि लहानाला आपण खेळलो असं मनापासून वाटतं. गेम निवडताना मी हेच शोधते: यात लिंबूटिंबूला जागा आहे का?

आमच्या पिढीच्या व्हिडिओ गेममध्ये ती नव्हती. टीव्हीला जोडायच्या त्या डब्यात पिवळी कॅसेट घालायची आणि मारिओ सुरू. दोघं खेळत असले तर लाइफ गेली की पाळी दुसऱ्याची. दादा एका लाइफमध्ये किल्ल्यापर्यंत जायचा. धाकट्याची लाइफ पहिल्याच मश्रूमला आपटून जायची आणि रिमोट परत दादाकडे. वाटणी कागदावर समान, वेळ मात्र सगळा थोरल्याचा. आजही जिथे पाळी लाइफवर ठरते, तिथे धाकट्यावर अन्याय होतो. पाळी लेव्हलवर ठरवावी, किंवा दोघांना एकाच वेळी खेळता येईल असा गेम घ्यावा.

काही घरांत धाकट्याच्या हातात न जोडलेला कंट्रोलर देतात. हे मला अजिबात पटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला ते चालून जाईल, पण आपण उडी मारायला सांगतोय आणि तो उडी मारत नाहीये, हे मुलाला फार लवकर कळतं. खोटं काम देण्यापेक्षा सोपं पण खरं काम द्यावं. ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्ये दुसरा खेळाडू मारिओची टोपी होतो. ती टोपी उडून शत्रूंना लोळवते, नाणी गोळा करते, आणि मारिओ मेला तरी टोपीचा दोष नसतो. धाकट्यासाठी याहून चांगली नोकरी नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त फिरलेला गेम म्हणजे २०२३चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’. त्यात योशी आणि नॅबिट ही पात्रं घेतली तर शत्रू लागून जीव जात नाही. खड्ड्यात पडलं तर मात्र जातो. म्हणजे धाकट्याला भीती एकच उरते, आणि एक भीती त्याला पेलते. चार जण खेळू शकतात आणि कुणी कुणाला धडकत नाही, एकमेकांतून आरपार जातात. हे वाचायला किरकोळ वाटेल. याआधीच्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू डिलक्स’मध्ये पात्रं एकमेकांवर आदळायची, थोरलीच्या डोक्यावर धाकटा उतरायचा, ती खड्ड्यात जायची आणि मग गेममधलं भांडण गालिच्यावर यायचं. वंडरमध्ये ते भांडण मुळातच बंद झालं. त्यात कुणी मेलं की त्याचं भूत तरंगत येतं, आणि पाच सेकंदांत दुसऱ्याने शिवलं की ते पुन्हा जिवंत होतं. “ताई, ये ना लवकर! ताई, इकडे!” आणि ताई उलटी पळत येते. दिवसभर ज्या भावाशी ती खोडरबरावरून भांडली असते, त्याला शिवायला ती आपली लाइफ पणाला लावते. यासाठी मी हा गेम कुणालाही सुचवेन.

“ताई, मी कुठाय?” हाही रोजचा प्रश्न. चार पात्रं पडद्यावर आली की लहान मूल आपल्याला सोडून भलत्याकडेच बघत बसतं आणि आपली बटणं चालत नाहीत म्हणून वैतागतं. धाकट्याला रोज तेच पात्र, तोच रंग ठेवला की हे कमी होतं. आमच्याकडे जांभळा नॅबिट कायमचा त्याचा.

‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मध्ये लिंबूटिंबूची सोय दोन खुणांमध्ये आहे. एक लावली की गाडी आपोआप पुढे जाते, दुसरी लावली की रस्ता सोडत नाही. गाडीला मागे एक छोटी अँटेना दिसू लागते. स्टिक थोडी इकडेतिकडे केली तरी मूल शर्यत पूर्ण करतं. बारापैकी बारावा येतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, केळ्याचं साल कुणावर पडलं हे त्याला महत्त्वाचं. आमच्या आईंनीही याच सोयीवर गाडी चालवली आणि नातवाला मागे टाकलं.

वाचनाचा अडसर आपल्याकडे दुप्पट आहे. गेममधला मजकूर इंग्रजी, आणि मराठी शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलाला तो वाचता येत नाही. पोकेमॉन किंवा ‘ॲनिमल क्रॉसिंग’सारखा बोलका गेम घेतला, तर शेजारी बसून भाषांतर करायची तयारी हवी. मला ते आवडतं, पण स्वयंपाक चालू असताना जमत नाही. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये आणखी एक गोष्ट घेण्याआधी माहीत हवी: एका कन्सोलवर बेट एकच, आणि जो पहिल्यांदा सुरू करतो त्याच्याच हाती पूल कुठे, दुकान कुठे हे निर्णय. दोन भावंडांत ते बेट कुणाच्या नावावर उघडायचं, हे आधी ठरवून मगच खोका फोडावा.

शब्दांचा गेम घ्यायचाच तर आजीसोबत बसून ‘वेन्बा’ खेळावा. कॅनडात राहायला गेलेल्या तमीळ आईची आणि तिच्या मुलाची ही गोष्ट, २०२३ची, दीड-दोन तासांत संपणारी. फाटक्या पाककृतीच्या वहीवरून इडली करायची, पायऱ्यांचा क्रम आपणच लावायचा. आमच्या आईंनी इडलीपात्राचं चित्र दिसताच सूचना द्यायला सुरुवात केली, आणि त्या बरोबर होत्या.

थांबण्याची जागा हीही गेमच्या गुणांत धरावी. मारिओ कार्टची एक शर्यत तीनेक मिनिटांत संपते, “ही झाली की बंद” म्हणता येतं आणि मूल ते पाळू शकतं. माइनक्राफ्टला शेवटच नाही. घर बांधून झालं की तळघर, तळघर झालं की बोगदा. तो गेम मी वाईट म्हणणार नाही, त्यात शत्रू बंद करून निवांत बांधत बसायची सोय आहे. पण तो सुट्टीच्या सकाळी लावावा, शाळेच्या दिवशी जेवणाआधी नाही. स्विच आणि प्लेस्टेशन दोन्हींवर पालकांना वेळ बांधून देता येतो. पण चालू लेव्हलमध्ये पडदा अचानक बंद झाला की मुलाला तो अन्याय वाटतो, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. मी नुसती सूचना दाखवणारा पर्याय ठेवते आणि उठून सांगते.

पैशांबाबत मात्र मी कडक आहे. नवा मोठा गेम चार-पाच हजारांच्या घरात जातो, ते एकदाच जातात. नंतर जाणारे पैसे जास्त घातक. ‘फिफा’ नावाच्या फुटबॉलच्या गेमवर वर्षानुवर्षं पेगीचा ३ असायचा. २०२३पासून तो ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ नावाने निघतो. त्यातल्या अल्टिमेट टीममध्ये पैसे देऊन पाकीट फोडायचं, आत कोणता खेळाडू निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं. त्याच वर्षी पेगी आणि ईएसआरबी दोघांनीही खोक्यावर ‘आत खरेदी आहे’ अशी सूचना छापायला सुरुवात केली. वयाच्या आकड्याजवळची ती बारीक ओळ आकड्याइतकीच वाचावी. कन्सोलवर कार्ड साठवून ठेवू नये, खरेदीला पिन लावावा.

शक्य असेल तिथे मी डिस्क किंवा कार्ट्रिज घेते. मुलं वाढली की तो गेम दुसऱ्या घरी देता येतो. आमचा ‘योशीज क्राफ्टेड वर्ल्ड’ आता नणंदेच्या घरी तिच्या चार वर्षांच्या मुलीकडे आहे. त्यातल्या सोप्या प्रकारात योशीला पंख मिळतात आणि खड्डा आला की तो उडून जातो.

पुढचा गेम कधी घ्यायचा, हे धाकट्यावर सोडते. परवा त्याने नॅबिट नको म्हणून सांगितलं, त्याला मारिओच व्हायचं होतं, मरणारा. दर मिनिटाला मेला, दर मिनिटाला ताईला हाक मारली, आणि पुन्हा नॅबिट घेतोस का म्हटल्यावर मान हलवून नाही म्हणाला. किर्बीचा डेमो मी उतरवून ठेवला आहे. त्यात सोपा आणि कठीण असे दोन प्रकार आहेत आणि दुसऱ्या खेळाडूला हातात भाला मिळतो. आधी तो भाला दोघांपैकी कोण घेतं, ते बघायचंय.