वजूचे पाणी आणि अंगणातली बाग

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण 1968 मध्ये पूर्ण झाले. तेथे साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. याच नदीवर पुढे सिद्धेश्वर धरण आहे. परभणी-हिंगोली भागातील शेती आणि कित्येक गावांची तहान या दोन धरणांवर अवलंबून आहे. म्हणूनच धरणाशेजारी राहणाऱ्याचे अंगण हिरवे असेलच असे नाही. जलाशयातल्या प्रत्येक घागरीला आधीच मागणी असते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही.

मग अशा मुलखात बाग लावणे ही चैन म्हणायची का? 'जन्नत' या अरबी शब्दाचा मूळ अर्थच बाग. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, ही प्रेषितांची शिकवण. आणि वाहत्या नदीकाठी बसूनही वजूत पाणी वाया घालवू नये, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. बाग हवी, उधळपट्टी नको.

कोरड्या इराणात जन्मलेल्या चारबागेने हे नेमके साधले. चालण्याच्या वाटा उंच, झाडांचे वाफे खोल. दिलेले पाणी वाफ्यातच थांबते, मुळाशी मुरते. छत्रपती संभाजीनगरातला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतला, बीबी का मकबरा अशाच चारबागेत उभा आहे. त्याच शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने आणून दिले. तिथल्या हिमायत बागेत आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे.

येलदरी काही वाळवंट नव्हे. पाऊस येतो, पण चार महिने. उरलेले आठ महिने कोरडे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. इथे पाण्याचा मोठा शत्रू म्हणजे हिरवळीचा हट्ट. शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर पाणी धरले तरी 600 लिटर लागतात. तेवढ्या पाण्यात एका घराचा दिवस निघतो.

आता दुसरा हिशेब. तोटी सोडून वजू केला तर पाच लिटर पाणी सहज जाते. बदन्याने केला तर दोन लिटर पुरते. चार माणसे, पाच वेळा, म्हणजे 40 लिटर. खाली टब ठेवला तर त्यातले 30 लिटर तरी हाती लागते. साबण नसल्यामुळे ते झाडांना चालते. रोपाजवळ पाच लिटरचे कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून तोंडावर झाकण ठेवायचे. पाणी हळूहळू पाझरते आणि उन्हाने उडत नाही. रोज सहा मडकी भरली, तर तीन दिवसांच्या पाळीने अठरा रोपे जगतात.

रोपे मात्र इथल्या हवेची हवीत. पश्चिमेला कडुनिंब किंवा करंज, म्हणजे दुपारचे ऊन अडते. कुंपणाला मेंदी, ईदच्या आदल्या रात्री पाला घरचाच. आत सीताफळ, डाळिंब, बोर आणि दाराशी मोगरा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडते. म्हणून बुंध्याभोवती सोयाबीनचा भुसा किंवा वाळका पाला चार बोटे जाड पसरावा. तो बुंध्याला मात्र चिकटू देऊ नये. वाटांवर फरशीऐवजी मुरूम टाकला तर पावसाचे पाणी जमिनीत जाते. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत आणि रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2019 मध्ये तो ऐन मे महिन्यात होता. फिरत फिरत पुन्हा तिथे यायला 2051 उजाडेल. त्या उन्हाळ्यात अंगणात इफ्तारचे दस्तरखान अंथरले जाईल, तेव्हा आजचा कडुनिंब भरदार झालेला असेल. त्याच्या सावलीत बसणाऱ्यांतले काही अजून जन्मलेही नाहीत. त्यांच्यासाठीचा सदका आज टबात साठवता येतो.