त्वचेतील स्निग्ध द्रव्ये व वस्त्रांचा पिवळेपणा

प्रस्तावना :
पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात इतर वस्तूंबरोबर जुनी वस्त्रेही जतन केलेली आहेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी जमविलेला हा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन करण्यात आला. अंगावर वापरलेली वस्त्रे टिकविताना प्रकाश, कसर व दमटपणा यांचा विचार होतो. परंतु वापरणाऱ्याच्या त्वचेतील तेलही वस्त्रात मुरलेले असते. घरोघरी कपाटातून काढलेल्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर पिवळी दिसते, ती याच कारणाने. ठेवताना स्वच्छ दिसणारे वस्त्र कालांतराने पिवळे का पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कारणमीमांसा :
तैलग्रंथींतून स्रवणाऱ्या सीबममध्ये ट्रायग्लिसराइडे, स्निग्धाम्ले, मेण-एस्टरे व सुमारे १२ टक्के स्क्वालीन असते. ताजे सीबम जवळजवळ रंगहीन असल्याने डाग दिसत नाही. स्क्वालीनच्या रेणूत सहा दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजनशी या बंधांची अभिक्रिया होऊन प्रथम पेरॉक्साइडे व पुढे अल्डिहाइडे तयार होतात. यांतून एकाआड एक दुहेरी बंध असलेले मोठे रेणू बनतात. ते निळा-जांभळा प्रकाश शोषतात व वस्त्र पिवळे दिसते. त्वचेच्या मृत पेशींतील किंवा रेशमातील प्रथिनांशी अल्डिहाइडांचा संयोग झाल्यास रंग अधिक गडद होतो. इस्त्रीची उष्णता ही क्रिया जलद करते.

तंतूंचा प्रकारही महत्त्वाचा आहे. कापसाच्या तंतूच्या पोकळीत तेल शिरून राहते, तर पॉलिएस्टर मुळातच तेलाकडे ओढ असणारा तंतू असल्याने थंड पाण्याने ते सुटत नाही.

उपाय :
ताजे सीबम कोमट पाणी व साबणाने निघते. रिठ्यातील सॅपोनिन हेच कार्य करते. जुन्या डागातील रेणू मात्र परस्परांशी जोडले जाऊन तंतूला घट्ट चिकटतात. पांढऱ्या सुती वस्त्रावर ऑक्सिजनयुक्त विरंजक उपयोगी पडतो. रेशमावर क्लोरीनयुक्त विरंजक वापरू नये, कारण त्याने तंतूच नष्ट होतो. जीर्ण वारसावस्त्र घरी धुण्याऐवजी तज्ज्ञाच्या स्वाधीन करावे.

निष्कर्ष :
पिवळेपणाचे बीज वस्त्र ठेवण्याच्या दिवशीच पेरले जाते. एकदाच नेसलेला शालू वा लग्नातील उपरणे डाग दिसत नाही म्हणून तसेच घडी करून ठेवण्याची रीत त्यामुळे घातक ठरते. वस्त्राच्या जातीस अनुसरून स्वच्छता करून व पूर्ण कोरडे करूनच ते ठेवावे. पुढील पिढीच्या हाती ते मूळ रंगात पोहोचणे बहुतांशी यावरच अवलंबून आहे.